आवाज न करण्याची अट

"बूट काढ," सगुणमामा म्हणाले.

मी बूट काढले. रबरी तळव्याचे, मुद्दाम ह्या शिकारीसाठी बेळगावहून मागवलेले. कालपर्यंत मला त्यांचा फार अभिमान होता.

"मोजे?"

तेही काढले.

"खिशात काय आसा?"

उत्तराची वाट न पाहता मामांनी माझे दोन्ही खिसे बाहेरून चाचपले. किल्ल्या, काडेपेटी आणि सुपारीची डबी निघाली. ते सगळं त्यांनी ओटीवरच्या कोनाड्यात ठेवून दिलं. मग माझा डावा हात उचलून स्वतःच्या कानाशी नेला.

"घड्याळ पण काढ. टिकटिकता."

"मामा, ही टिकटिक मला स्वतःला ऐकू येत नाही."

"तुका नाय येवची. सांबर काय ओव्हरशेर नाय."

आतल्या दाराआड कोणीतरी हसू दाबलं. ती कुमुद होती. तिने मला चहा दिला होता तोही अर्धा कपच, कारण पोटात पाणी जास्त झालं की ते चालताना वाजतं, असं तिच्या वडिलांचं म्हणणं. तिच्यासाठी मी अनवाणी, बिनघड्याळाचा आणि अर्धपोटी रानात निघालो होतो, आणि ती हसत होती.

मी तेव्हा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. नाव दिगंबर सुर्वे, मूळचा रत्नागिरीचा, लग्नाच्या वयाचा. खैरेवाडीच्या व्हाळावर मोरी बांधायचं काम माझ्याकडे होतं आणि मुक्काम शाळेच्या रिकाम्या खोलीत. मोरी खरं तर दिवाळीआधीच पुरी व्हायची. ती लांबली, आणि वरिष्ठांना मी सिमेंटचं कारण कळवत राहिलो. खरं कारण रोज सकाळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या वाटेने जायचं. सगुण गवसांची ती एकुलती मुलगी, आई लहानपणीच गेलेली. शेवटी मी रत्नागिरीहून काकांना बोलावलं आणि रीतसर मागणी घातली.

मामांनी काकांना कोंबडी-वडे जेवू घातले. माझा पगार विचारला नाही, कुळी विचारली नाही. हात धुताना एवढंच म्हणाले, "झिलाक माझ्यावांगडा एकदा रानात येवंदे."

ही अट गावाला पाठ होती. सातेरीच्या देवळात, सगळ्यांच्या समोर मामांनी ती कधीच जाहीर केली होती. जो कुमुदला मागणी घालेल त्याने त्यांच्याबरोबर सांबराच्या शिकारीला जायचं. हाकारा नाही, मचाण नाही, कुत्री नाहीत. दोघांनीच पायी, वारा बघत, पावलापावलाने. बंदूक मामांची, मारणार मामा. मुलाने फक्त गप्प राहायचं. जनावर बुजेल असा आवाज ज्याने केला त्याचा विषय तिथेच संपला. तरीही रीत म्हणून संध्याकाळी देवीला कौल लावायचा. गुरव देवीच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार.

माझ्याआधी तिघे येऊन गेले होते. सावंतवाडीचा एक कारकून ऐन वेळी शिंकला. बांद्याच्या दुकानदाराचं पोट वाजलं. तिसरा तर फौजेतला होता, त्याने म्हणे मोठ्याने जांभई दिली. हे सगळं मामांनीच देवळात सांगितलेलं. तिघांनीही खाली मान घालून ऐकून घेतलं, तिघांनाही कौल डावा पडला, आणि तिघेही मिळेल त्या एस.टी.ने परत गेले.

मला स्वतःबद्दल खात्री होती. सरकारी नोकरीत गप्प बसण्याचा सराव चांगला होतो. साहेबांनी चुकीचा नकाशा समोर ठेवला तरी माझा चेहरा हलत नसे. आदल्या दिवशी विहिरीवर कुमुद भेटली तेव्हा मी तिला तसं सांगितलंही.

"नुसतं गप्प राहायचं ना? ते मला जमतं."

कळशी काठावर ठेवून तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"जमात तुमका?"

"अगदी सहज."

"बघूया," ती म्हणाली आणि कळशी उचलून निघून गेली. तिचा स्वर मला नीट कळला नाही. मी तो लाजण्यात जमा केला.

उजाडता उजाडता आम्ही घराच्या मागच्या कुंपणातून रानात शिरलो. मामा साठी ओलांडलेले, उंच, वाळकुडे. खांद्यावर एकनळी बंदूक. त्या बंदुकीचा आवाज आला की खैरेवाडीत बायका मसाला वाटायला बसत आणि पुरुष पानाचे द्रोण लावत, इतका पंचक्रोशीत तिचा लौकिक. पडलेल्या जनावराचे वाटे घरटी व्हायचे, देवीचा वाटा वेगळा, बंदुकीचा वेगळा. अलीकडे मात्र मामा एरवी शिकारीला जातच नसत. मन लागत नाही म्हणायचे. कोणी मागणी घालणारा आला की तेवढी बंदूक खाली निघे.

"तू फुडे हो," ते कुजबुजले. "मी तुझ्या खांद्यार हात ठेवतंय. दाबलंय की थांब, सोडलंय की चल. टाच आधी टेकू नको. पायाची कड टेकव, पान दबला असा वाटला की मगे वजन टाक. आता दव आसा तवसर पानां गप आसत. उन चढला की हीच पानां पापडासारखी वाजतली."

खांद्यावरचा हात मला फार आवडला. सासरा होऊ घातलेला माणूस खांद्यावर हात ठेवून चालतो, ह्याचा मी एकच अर्थ लावला.

कंबरेच्या पिशवीतली चिमूटभर राख मामांनी हवेत सोडली. ती कुठे गेली ते त्यांनी मला विचारलं, मी बोटाने दाखवलं, मग त्यांनी पुन्हा विचारलं, मी त्यांच्या हाताला धरून दिशा दाखवली. वारा डोंगराकडून येत होता. आम्ही वाऱ्याला तोंड करून वर चढू लागलो.

असं चालणं मी जन्मात चाललो नव्हतो. चार पावलं टाकायची आणि उभं राहायचं. उभं राहायचं म्हणजे खांबासारखं. नाकावर डास बसला तर तो जेवून उठेपर्यंत वाट बघायची. करवंदीच्या जाळीपाशी तळव्यात काटा शिरला, चांगला खोलवर. डोळ्यांत पाणी आलं पण तोंडातून हुं की चुं नाही. कारकून, दुकानदार आणि फौजी ह्या तिघांना मी मनातल्या मनात नावं ठेवली. एवढंसं काम ह्यांना जमू नये.

व्हाळ जिथे वळतो तिथे एक मोकळी जागा होती. मी किंजळीच्या खोडाआडून डोकं काढलं आणि जागीच थिजलो.

सांबर उभं होतं. नर. मानेवर राठ केस, अंगाचा रंग ओल्या सालीचा, शिंगं एवढी की ती घेऊन हा प्राणी झाडीतून चालतो कसा असा प्रश्न पडावा. पुढचे पाय पाण्यात, तोंडातून थेंब गळताहेत. आमच्या अंगावरून वारा उलटा जात होता, त्यामुळे त्याला आमचा पत्ता नव्हता. पूर्ण कूस आमच्याकडे करून ते उभं होतं. इतक्या जवळून मीसुद्धा चुकलो नसतो.

मी बंदुकीच्या आवाजाची वाट बघू लागलो. पण बंदूक वाजेना. अखेर मी मान अगदी सावकाश मागे वळवली.

मामांची बंदूक खांद्यावरच होती. चेहरा सांबराच्या बाजूला होता, पण नजर त्याच्यापासून चांगली हातभर बाजूला, एका बांबूच्या बेटावर. डोकं किंचित कललेलं. ते ऐकत होते. मी डोळ्यांनी खूण केली, भुवयांनी केली, शेवटी बोट केलं. मामांनी त्यातलं काही पाहिलं नाही. झाडांमधून आलेलं कोवळं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत पडलं होतं आणि त्यांनी ते मिटले नाहीत. दोन्ही बुबुळांवर दुधाळ पडदा होता.

सांबराने कान झाडले, पाणी प्यायलं, आणि घाई न करता चढणीला लागलं. जाता जाता त्याच्या पायाखाली एक काटकी मोडली. तेव्हा कुठे माझा खांदा दाबला गेला. थांब.

मी थांबलेलोच होतो. खिसे चाचपणं, राखेची दिशा विचारणं, खांद्यावरचा हात, सगळं माझ्या ध्यानात आलं. पंचक्रोशीत ज्याच्या नेमाचं नाव घेतात त्या माणसाला समोरचा डोंगराएवढा नर दिसला नव्हता. मला त्यांची कणव आली, अगदी मनापासून आली. आणि त्याच क्षणी बरंही वाटलं, तेही मनापासून. जनावर त्यांना दिसतच नाही, तर ते बुजल्याचं कळणार तरी कसं? मी असाच गप्प राहिलो की दोन तासांत घरी आणि कुमुद माझी.

आम्ही पुढे निघालो. सातेरीच्या राईची हद्द लागायच्या थोडं अलीकडे खट् असा आवाज आला. मग पुन्हा खट्.

मामा एकदम निराळेच झाले. हात माझ्या खांद्यावरून उठला, बंदूक खांद्यावरून उतरली, दस्ता गालाला लागला. म्हातारपण कुठल्या कुठे गेलं. नळी आवाजाच्या रोखाने वळली आणि स्थिर झाली. मी नळीच्या रेषेत बघितलं.

झुडपात तपकिरी घोंगडी दिसत होती. घोंगडीच्या वर पिकल्या केसांचं डोकं होतं. कोणी म्हातारा आमच्याकडे पाठ करून, उकिडवा बसून कोयत्याने काहीतरी तोडत होता.

मी विचार केला. हे सांगायला बरं वाटत नाही, पण केला. आधी वाटलं, तो उठून उभा राहील. तो उठला नाही. मग वाटलं, मामांना दिसत नाही तर नेम तरी कुठून लागणार. पण कानाने अंदाज घेऊन मारणाऱ्याचा नेम कसा असतो ते मला कुठे ठाऊक होतं? मग कुमुद आठवली, विहिरीच्या काठावर कळशी ठेवून बघणारी. आज आवाज केला की ती गेली. त्या पाठमोऱ्या माणसाचं नावही मला माहीत नव्हतं.

मी खोकलो. साहेबांच्या खोलीच्या दाराशी उभं राहून खोकावं तसा, बेताने, ह्याचाही जीव वाचावा आणि माझीही मुलगी राहावी अशा हिशेबाने. नळी हलली नाही. मामांचं बोट चापावर गेलं.

"मामा, माणूस आहे!"

त्या आरोळीने राईतले सगळे पोपट उठले. मी नुसता ओरडलो नाही, हाताने नळी वर उडवली. झुडपातला म्हातारा उठला आणि मागे वळूनही न बघता, घोंगडी सावरत, त्याच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने खाली पळाला.

मामांनी बंदूक खाली केली आणि ते चाचपत एका दगडावर बसले.

"कोण होतो?"

"पाठ दिसली फक्त. म्हातारा माणूस होता."

"सांबर नाय?"

"नाही, मामा."

त्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली. मीही बसलो आणि तळव्यातला काटा काढू लागलो.

"आवाज केलंस," ते म्हणाले.

"केला."

"मोठो केलंस."

"हो."

"चल घराक."

उतरताना हात पुन्हा माझ्या खांद्यावर होता. कुंपणाजवळ आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"जां बघलंस तां गावात सांगतलंस?"

"मी काय बघितलं?" मी म्हटलं. "मी काहीच बघितलं नाही."

मामांनी नुसतं हुं केलं. कोनाड्यातल्या माझ्या वस्तू कुमुदने आणून दिल्या. माझी तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. घड्याळ मी हातावर न बांधता खिशात टाकलं.

दुपार कलल्यावर देवळात गाव जमला. बंदूक वाजली नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी दोघेचौघे द्रोण घेऊन आले होते. मांसाची आशा नव्हती पण करमणुकीची होती. भिवा गावकर हा गावातला मानकरी, देवळातलं बोलणं त्याच्यापासून सुरू व्हायचं.

"काय सगुणदादा? झिलान काय केल्यान?"

"आवाज केल्यान," मामा म्हणाले.

"शिंकलो?"

"बोंब मारल्यान."

देऊळ हसलं. शिंक, पोट आणि जांभई ह्यांच्या पुढची पायरी मी गाठली होती.

"बोंब कित्या मारलंस रे ओव्हरशेर?" भिवाने मला विचारलं. "वाघ बघलंस?"

मी उभा राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं. मामांना दिसत नाही, त्यांनी माणसावर बंदूक रोखली, मी त्याला वाचवलं. सगळा गाव माझ्या बाजूने झाला असता आणि अटीचं कोणी नाव काढलं नसतं. पण त्या एका वाक्यात सगुण गवस नावाचा शिकारी संपला असता, आणि तोही त्याच्या मुलीच्या देखत. मी त्यांच्याकडे बघितलं. ते ताठ बसले होते, हात मांडीवर, डोळे भलत्याच खांबाकडे.

आणि त्या खांबाशी मला तपकिरी घोंगडी दिसली. तिला कुसळं चिकटली होती. पिकले केस, उकिडवं बसण्याची तीच ढब. तो देवीचा गुरव होता, लवू गुरव. मी त्याला ओळखलं हे त्यालाही कळलं. ज्याच्या जिवासाठी मी सकाळी माझा संसार उधळला होता तो आता उठून बोलेल, निदान खाकरेल, अशी माझी अपेक्षा. लवूने पानाची चंची उघडली, एक पान काढलं, मांडीवर पुसलं, आणि त्याला मोठ्या निगुतीने चुना लावू लागला. मला इतका संताप आला की बोंब दुसऱ्यांदा निघते की काय असं वाटलं.

"बोल रे," भिवा म्हणाला.

"घाबरलो," मी म्हटलं.

"कशाक?"

"पानं वाजली. मला वाटलं काहीतरी अंगावर येतंय."

मघाचं हसणं काहीच नव्हतं. एकाने पानं वाजवून दाखवली, दुसरा घाबरून पडला, बायकांनी तोंडाला पदर लावले. मी उभाच होतो. कुमुद बायकांच्या मागे होती. ती हसत नव्हती.

"झाला तर मगे," भिवा डोळे पुसत म्हणाला. "आता कौल कशाक लावूक होयो? आवाज झालो, विषय संपलो."

"रीत ती रीत," मामा म्हणाले. त्यांचा आवाज जरा बसला होता. "तिगांचो लावलो. ह्येचो पण लावया."

लवू गुरव उठला. पान गालात सरकवून त्याने हात धुतले, देवीच्या पाषाणाला दोन्हीकडे पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"गे आई सातेरी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या सगुणाच्या चेडवाक मागणी इलेली आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"झील भायरचो आसा, भित्रो आसा, पण तुझ्या पायाकडे इललो आसा म्हाराजा! ह्यां लगीन होवचा आसात तर उजवो दी, नाय तर डावो देवन मोकळा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

'भित्रो' ऐकून मी दात आवळले. डावी पाकळी पडताना बघायची माझी इच्छा नव्हती म्हणून मी जमिनीकडे बघत राहिलो. देवळातलं हसणं हळूहळू थांबलं. मग कोणीतरी श्वास ओढल्याचं ऐकू आलं आणि मी वर बघितलं. उजवी पाकळी खाली पडली होती.

भिवा गावकराला ते पटेना. "परत लाव रे लवू."

"आईक दोनदा विचारूचा?" लवू म्हणाला. "तू विचार. मी बाजूक होतंय."

भिवाने विचारलं नाही. सगळे मामांकडे बघू लागले. अट त्यांची, मोडली ती त्यांची.

"देवीफुडे माझा काय चलता?" मामा म्हणाले आणि त्यांनी असा काही सुस्कारा टाकला की लोकांना त्यांची दया आली. असला नेभळट जावई पदरात पडलेल्या माणसाची येईल तशी.

दुसऱ्या दिवशी मी मोरीवर काम बघत होतो तेव्हा लवू गुरव येऊन खडीच्या ढिगाजवळ बसला. मुलगी मिळाली होती, पण राग गेला नव्हता.

"काल तोंडाला कुलूप लागलं होतं का?" मी म्हटलं. "मी ओरडलो नसतो तर काल तुमचं मयत होतं."

"माझा मयत कसा होतला? बंदुकीत काडतूस नसता."

"काडतूस नसतं?"

"चार वर्सां झाली," लवू म्हणाला. "डोळे गेले तेच्या दुसऱ्या दिसापासून सगुणान बंदूक भरूक नाय. तेका काय कळना नाय? बिनडोळ्यान बंदूक भरतलो तो येडो. माका थंय बसूक तोच सांगता. कोयतो आपटूचो तोय तेच्याच सांगण्यावरून. माझो आवाज तो बरोबर वळाखता."

"आणि ते तिघे? शिंक, जांभई?"

"कोण शिंकूक नाय नि कोण जांभय देवक नाय. तिगव गप रवले. मी थंय पाठ करून बसलेलंय, बंदूक माझ्यार धरलेली, आणि ते बघीत उभे. सगुणान चाप ओढल्यान, खट झाला, तेना म्हटल्यान काडतूस दमट. तीनदा मेलंय मी, बाबा. फौजवाल्याच्या येळाक तर मुद्दाम उन्हात बसलंय, नीट दिसात म्हणान. तरी मेलंय."

"मग देवळात त्यांनी ते खोटं ऐकून कसं घेतलं?"

"काय सांगतले? आम्ही आवाज करूक नाय, गुरवाक मारताना बघीत होतो म्हणान?"

मजूर पाणी आणायला गेले होते. व्हाळाच्या पलीकडे कोंबडा ओरडत होता. मी खडीवर बसलो.

"चेडू कोणाच्या घरात देवचा तां बघूक तेका डोळे नाय," लवू म्हणाला. "मगे तो बिचारो काय करतलो? कोण काय सांगता तां ऐकान चेडू देतलो?"

"आणि देवळातलं? तेही ठरलेलं?"

"तां नाय." लवूने पहिल्यांदाच मान खाली घातली. "तू खरां सांगतलंस असा सगुणाक वाटलेला. कोणव सांगतलो. डोळ्यांचा आज गावाक कळतला म्हणान तो तयारी करून बसललो. सकाळपासून जेवक नाय. आणि तू म्हटलंस, घाबरलंय. काल घराक जावन म्हातारो रडलो. कुमुदीन सांगल्यान माका."

मी विचारलं, "आणि पाकळी?"

"पाकळी आईची," लवू म्हणाला. मग मोरीच्या कमानीकडे बघत पुढे म्हणाला, "उजवे अंगाक पाणी जरा कमी लागलेला असात. म्हातारो हात माझो."

तो उठला, धोतर झटकलं, दोन पावलं गेला आणि वळला.

"एक विचारू? तू आधी खोकललंस. मगे ओरडलंस. मधी येळ लय गेलो."

"जास्त नाही गेला," मी म्हटलं.

"माझ्या पायार मुंगळे चढलेले. हलाक गावना नाय. म्हणान माका म्हायत."

लग्न वैशाखात झालं. मोरी त्याआधी झाली. मामा पुढे बरीच वर्षं जगले आणि त्यांच्या डोळ्यांचं गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. जावई मिळाल्यावर शिकारीला जायचं कारणच उरलं नाही, असं ते सांगत, आणि असला जावई मिळाल्यावर कोणाचं मन लागेल, असं लोक म्हणत. खैरेवाडीत माझं नाव आजही भित्रा ओव्हरसियर असंच आहे. सासुरवाडीला गेलो की कोणी ना कोणी मागून पानं वाजवून दाखवतो. मी दचकल्याचं सोंग करतो. त्यांचा हिरमोड कशाला करा.

कुमुदला सगळं ठाऊक होतं. लवूने त्याच संध्याकाळी तिला आरोळीबद्दल सांगितलं, खोकल्याबद्दल सांगितलं, आणि मधल्या वेळाबद्दलही. लग्नाला आठवडा झाला नसेल, ती विळीवर भोपळा चिरत होती, मी समोर बसलो होतो. वर न बघता तिने विचारलं,

"इतको येळ काय विचार करीत होतात?"

खोटं सुचत होतं. पण ती सगुण गवसांची मुलगी होती.

"तुझा," मी म्हटलं.

विळी थांबली.

"माणूस मरत होतो, आणि माझो?"

"हो."

तिने माझ्याकडे बघितलं, विहिरीवर बघितलं होतं तेवढाच वेळ. मग भोपळ्याची पुढची फोड उचलली.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आमचं भांडण झालं की ती तो प्रश्न अजून विचारते, आणि माझं उत्तरही बदललेलं नाही. तो वेळ कमी असायला हवा होता की जास्त, हे मात्र तिने आजवर सांगितलेलं नाही.